गर्भस्थ हृदयदोषांचे निदान : कायदेविषयक चर्चा आणि सिंधुदुर्गचा प्रश्न

प्रस्तावना :
महाराष्ट्रात गर्भस्थ शिशूच्या हृदयदोषाचा प्रश्न सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला तो न्यायालयाच्या मार्गाने. भाईंदरच्या मेहता दाम्पत्याच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २००८ रोजी निर्णय दिला. गर्भाच्या हृदयातील विद्युतसंवहनात पूर्ण अवरोध असल्याचे विसावा आठवडा उलटल्यानंतर आढळले होते. १९७१ च्या कायद्यातील मर्यादेपलीकडे गर्भपातास परवानगी देणे न्यायालयाने नाकारले. तेव्हापासून ‘गर्भ ठेवावा की नाही’ एवढ्याच प्रश्नाभोवती ही चर्चा फिरत राहिली. प्रस्तुत लेखात या एकांगी आकलनाची चिकित्सा मालवण किनारपट्टीच्या संदर्भात केली आहे.

कायद्याची दिशा :
२४ सप्टेंबर २०२१ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीनुसार, वैद्यकीय मंडळाने गंभीर व्यंगाचे निदान केल्यास कालमर्यादा लागू होत नाही. मंडळात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि क्ष-किरण वा सोनोग्राफीतज्ज्ञ असावेत, असे अधिनियम सांगतो. बालहृदयरोगतज्ज्ञाचा उल्लेख त्यात नाही; अन्य सदस्य ठरविण्याचे काम राज्य शासनावर सोपविले आहे. दोष शस्त्रक्रियेने दुरुस्त होण्याजोगा आहे काय, हाच निर्णायक प्रश्न असताना ही उणीव दुर्लक्षिण्याजोगी नाही.

निदानाचे प्रयोजन :
महाधमनी व फुफ्फुसधमनी यांच्या जागांची अदलाबदल हा दोष या दृष्टीने बोलका आहे. सोनोग्राफीत हृदयाचे चार कप्पे बहुधा व्यवस्थितच दिसतात. दोन्ही धमन्यांचा उगम तपासल्याशिवाय दोष ध्यानात येत नाही. जन्मानंतर काही तासांत वा दिवसांत या दोन धमन्यांना जोडणारी वाहिनी मिटू लागते आणि बालक निळे पडते. वाहिनी उघडी ठेवणारे औषध आणि वेळेवर शस्त्रक्रिया मिळाल्यास बहुसंख्य बालके वाचतात. पॅरिसमधील १९९९ च्या एका अभ्यासात, जन्मानंतर निदान झालेल्या २५० पैकी १५ बालके शस्त्रक्रियेपूर्वीच दगावली. गर्भावस्थेतच निदान झालेल्या ६८ पैकी एकही नाही. म्हणजेच निदानाचा मोठा लाभ प्रसूतीचे ठिकाण आधी ठरविण्यात आहे.

सिंधुदुर्गचा संदर्भ :
मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या कुटुंबांना गुंतागुंतीच्या उपचारांसाठी ओरोसच्याही पुढे बांबोळी, कोल्हापूर वा मुंबई गाठावी लागते. त्यातच पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. मुंबईतील चाकरमान्याची पत्नी अखेरच्या महिन्यांत गावी येते, म्हणजे हृदयशस्त्रक्रियेच्या सोयींपासून दूर जाते. सोनोग्राफीचा अहवाल सोबत आला, तरी तो वाचून प्रसूती कोठे व्हावी हे कोणी सांगितले नाही, तर निदान कागदावरच राहते. २०१३ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हृदयदोष शोधतो. पण तो जन्मानंतर. शिवाय केंद्राच्या दारावरील ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ या फलकामुळे सोनोग्राफी म्हणजे लिंगनिदान असेच समीकरण रुजले आहे. प्रत्यक्षात १९९४ चा कायदा जन्मजात व्यंगाच्या शोधासाठी तपासणीस मुभा देतो, हे त्या फलकावरून कळत नाही.

निष्कर्ष :
गर्भपाताचा अधिकार महत्त्वाचा आहेच आणि काही दोषांत तो अपरिहार्यही ठरतो. तथापि, दुरुस्त होऊ शकणाऱ्या दोषांबाबत कायदा व धोरण दोन्ही मौन बाळगतात. अठरा ते वीस आठवड्यांच्या तपासणीत धमन्यांच्या उगमाची नोंद सक्तीची करणे, संशयित गर्भवतीस बालहृदयरोगतज्ज्ञाचा सल्ला मिळवून देणे आणि प्रसूतीपूर्वीच तिला योग्य रुग्णालयात पोहोचविणे या तीन गोष्टी घडल्या, तरच किनारपट्टीवरील मातेस या निदानाचा उपयोग होईल.