दुसऱ्या प्रतापगडाबद्दल कोण लिहिणार?

‘प्रतापगड’ म्हटलं की आपण थेट साताऱ्याला पोचतो. १६५९, शिवाजी महाराज, अफझलखान. पण गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातही एक प्रतापगड आहे. महाशिवरात्रीला तिथे डोंगरावर महादेवाची यात्रा भरते, आणि तिथेच दर्गाही आहे. या गडाबद्दल लिहायचं तर कुठे लिहाल? ब्लॉगवर की विकीवर?

ब्लॉगवर काम सोपं. आजीचा हात धरून यात्रेला गेलो, काय पाहिलं, काय ऐकलं, हे ‘मी’ म्हणून लिहिता येतं. पण ऐकलेली गोष्ट चुकीची निघाली तर वाचणारा फार तर खाली प्रतिक्रिया देतो. मजकूर लेखकाचाच राहतो. तो कंटाळला की ब्लॉगही थांबला.

वॉर्ड कनिंगहॅमने १९९५मध्ये पहिली विकी सुरू केली, तेव्हा हा हक्कच वाटून टाकला. वाचणाराच दुरुस्ती करणार. कोणी काय बदललं ते ‘इतिहास’मध्ये राहणार, भांडण ‘चर्चा’ पानावर. १ मे २००३ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया याच रीतीने चालतो.

तरी तिथली गावांची पानं उघडून पाहा. ‘हे अमुक तालुक्यातील एक गाव आहे’ आणि खाली हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे असे मथळे. बऱ्याच पानांवर त्यापुढे फारसं काही नसतं. हा नुसता आळस नाही. विकिपीडियाला प्रकाशित, विश्वासार्ह संदर्भ लागतो, आणि वैयक्तिक ब्लॉग सहसा त्यात बसत नाही. नियम रास्त आहे, नाहीतर अफवाच ज्ञान होईल. पण ज्या गावाबद्दल मुळात कमीच छापलं गेलं, त्याची आठवण यामुळे दाराबाहेर राहते. ब्लॉगवर ती एकट्याची, विकिपीडियावर कोणाचीच नाही.

मराठीला ही अडचण नवी नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ रचलं ते चक्रधरस्वामींना पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना गाठून, विचारून. पुढे मूळ पोथी हरवली, आठवणीतून पुन्हा लिहिली गेली, पाठ वेगळे झाले. महानुभावांनी ते भेद पुसले नाहीत, नोंदवून ठेवले.

प्रतापगडाला असंच काहीतरी हवं. विकी म्हणजे फक्त विकिपीडिया नव्हे. ज्यावर तो चालतो ते मीडियाविकी कोणालाही फुकट वापरता येतं, आणि तिथले नियम आपले आपण ठरवता येतात. सांगणाऱ्याच्या संमतीने त्याचं नाव आणि तारीख लिहायची. पुजारी एक सांगतो, दर्ग्यातला खादिम दुसरं, तर दोन्ही ठेवायचं. ब्लॉगचा ‘मी’ राहील आणि दुरुस्तीचा हक्कही.

हे पान कोणी उघडायचं? यंदा यात्रेला जाल तेव्हा खिशात मोबाइल असेलच. आजीला आधी बोलू द्या, फोटो नंतर काढा.