'राजी' : एका खेळाचे गुणदोष

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा 'राजी' हा व्हिडिओ गेम २०२० साली आला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधणाऱ्या राजीची ही कथा दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून उलगडते. राजस्थानी धाटणीचे महाल डोळ्यांत भरतात. वर्तुळाकार तुकडे फिरवून चित्र जुळवण्याची कोडी कोनांची जाण वाढवतात.

दोष मात्र मुळातले आहेत. शेवट अर्धवट वाटतो. संवाद प्रथम इंग्रजीतच होते. हिंदी आवाज २०२२ साली आले. शिवाय कॅमेरा खेळणाऱ्याच्या हाती नाही. प्रत्यक्षात दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दिसतात व त्यांवरून मेंदू अंतर ताडतो. सपाट पडद्यावर हा आधार नाही. बाजू बदलून पाहण्याचीही सोय नाही. मग उडी चुकते आणि मूल स्वतःलाच 'ढ' ठरवते. खरे तर चूक रचनेची असते.

हे वर्गात दाखवायला संगणकही नको. भाईंदरच्या केबिन रोडवरच्या शाळेतही दोन पेन्सिली मिळतीलच. हात लांब करून त्यांची टोके आधी दोन्ही डोळे उघडे ठेवून, मग एक डोळा मिटून जुळवायला सांगा. फरक मुलेच सांगतील.