लेझी इम्पोर्ट: वेळ वाचतो की पुढे ढकलला जातो?

तुमच्या पायथन प्रोग्रॅमच्या वरच्या भागात दहा-बारा इम्पोर्ट असतील, तर नुसतं ‘हेल्प’ विचारलं तरी आधी त्या सगळ्या लायब्ररी लोड होतात. लेझी लोडिंग म्हणजे आत्ता फक्त नाव नोंदवायचं, लायब्ररी पहिल्या वापराच्या वेळी आणायची.

यासाठी आलेले दोन प्रस्ताव शेजारी ठेवून वाचा. पहिला पेप ६९०. एक स्विच दाबला की प्रोग्रॅममधले बहुतेक इम्पोर्ट लेझी! स्टिअरिंग कौन्सिलने तो डिसेंबर २०२२ मध्ये नाकारला, आणि माझ्या मते बरोबरच केलं. तीच फाइल माझ्याकडे एका तऱ्हेने आणि तुमच्याकडे दुसऱ्या तऱ्हेने चालणार असेल, तर लायब्ररी लिहिणाऱ्याने तपासायचं तरी काय काय? दुसरा पेप ८१०, २०२५ मध्ये पायथन ३.१५ साठी स्वीकारलेला. यात इम्पोर्टच्या आधी ‘लेझी’ हा शब्द लिहावा लागतो. निर्णय कोडमध्येच दिसतो, हा त्याचा मोठा गुण.

पण दोन्हींमागचा मुख्य आग्रह प्रोग्रॅम लवकर सुरू होण्याचा आहे. आपल्या संशोधनाच्या कोडला वेगळीच धास्ती असते. समजा, क्लस्टरवर सहा तास गणित चाललं आणि शेवटी आलेख काढायला मॅटप्लॉटलिब हवं आहे. ते इन्स्टॉलच नसेल तर साधा इम्पोर्ट सुरुवातीलाच ओरडला असता. लेझी इम्पोर्ट सहा तासांनी ओरडेल. पेप ८१० मध्ये एरर येताना इम्पोर्टची ओळ आणि पहिल्या वापराची जागा दोन्ही दिसतात, हे छानच. पण निकाल सेव्ह केले नसतील तर सहा तास गेले ते गेलेच.

दुसरा धोका मोजमापाचा. लायब्ररी लोड व्हायचा वेळ पहिल्या कॉलमध्ये मिसळतो. दोन अल्गोरिदमची तुलना करताना जो आधी चालवाल, तो उगाच हळू दिसेल. म्हणून पहिला कॉल मोजणीत धरू नका.

मग वापरायचं कुठे? अनेक उपकमांड असलेल्या छोट्या टूलमध्ये जरूर वापरा. तासन्‌तास चालणाऱ्या जॉबमध्ये मात्र साधा इम्पोर्टच ठेवा; तिथे सुरुवातीचे दोन सेकंद वाचवून काहीच हाती लागत नाही. आणि ठरवण्याआधी पायथन ३.७ पासून मिळणारा ‘इम्पोर्टटाइम’ हा पर्याय लावून बघा. कोणती लायब्ररी किती वेळ खाते, ते कळेल. न मोजता लेझी करणं हा नुसताच अंदाज झाला.