रीगाचे सोलिडस आणि नाममुद्रेचा पुरावा

नाण्यावरील राजनाम आणि सन यांस स्वयंसिद्ध पुरावा मानण्याची प्रथा नाणकशास्त्रात जुनी आहे. सोन्याच्या मोठ्या नाण्यांबाबत ती बहुधा निभावून जाते. स्वीडिश अमलाखालील रीगा शहराच्या हीणकस सोलिडसांना मात्र ती लावली असता फसगत होते. आणि त्या फसगतीचे खापर विनाकारण रीगाच्या टांकसाळीवर फुटते.

गुस्ताव्ह आडोल्फने सप्टेंबर १६२१ मध्ये रीगा जिंकले व १७१० पर्यंत ते स्वीडनकडे राहिले. राजसत्ता पालटली, पण चलनाची घडी पालटली नाही. अळशीचा व भांगेचा वाख आणि लाकूड हा रीगाचा व्यापार दौगावा नदीच्या वरच्या अंगास असलेल्या पोलंड-लिथुआनियाच्या मुलखावर अवलंबून होता, आणि तेथे तीन सोलिडसांचा एक ग्रोश हाच हिशेब रूढ होता. त्यामुळे तांब्यात थोडी चांदी मिसळलेला, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा हा सोलिडस पूर्ववत् पाडला जात राहिला. राणी क्रिस्टिनाच्या नाण्यावर एका बाजूस ‘सी’ हे अक्षर व त्यात वासा घराण्याची पेंढी, तर दुसऱ्या बाजूस शहराच्या आडव्या-तिडव्या किल्ल्या आणि ‘सोलिडस सिव्हि रिगेन्सिस’ असा लेख आढळतो. ‘सोलिडस लिव्होनिए’ हा लेख असलेली प्रांताची नाणी निराळी. केवळ राणी एकच म्हणून दोन्ही एका रकान्यात घालणे हे आळसाचे लक्षण होय.

परंतु खरी अडचण पुढेच आहे. मोल्दाव्हियाचा राजा एउस्त्रातिए दाबिजा (१६६१–१६६५) याच्या सुचाव्हा येथील टांकसाळीत रीगाच्या सोलिडसांच्या नकला मोठ्या प्रमाणावर पाडल्या गेल्या. क्रिस्टिनाने १६५४ मध्येच राज्यत्याग केला होता. तरीही यांतील काही नकलांवर तिच्या नावाशेजारी त्यानंतरचे सन दिसतात. ही नाणी स्वतःच आपली लबाडी उघड करतात, म्हणून ती निरुपद्रवी! घातक ती, ज्यांवर तिच्या कारकीर्दीतलाच सन आहे. ती संग्रहात निमूटपणे ‘रीगा’ या नावाखाली जाऊन बसतात. मग अशा संमिश्र संचयातील वजनांची सरासरी काढून शहराने नाण्याचा कस उतरविला असा निष्कर्ष काढणे म्हणजे चोराचा अपराध सावाच्या माथी मारणे होय.

रासायनिक परीक्षेने हा प्रश्न सुटेल ही आशाही जपूनच बाळगावी लागते. हीणकस नाण्याच्या चकत्या पाडण्यापूर्वी आम्लद्रावणात धूत; त्यामुळे पृष्ठभागावरील तांबे निघून जाई व चांदी वर राही. क्ष-किरणांनी पृष्ठाची परीक्षा केल्यास येणारा आकडा याच चांदीच्या पापुद्र्याचा असतो, नाण्याच्या गाभ्याचा नव्हे. उलट, जमिनीत गंजलेल्या नाण्याचा आकडा आणखी भलतीकडे नेतो. ठशांची तुलना, अक्षरांचे वळण, लेखातील अशुद्धे ही साधने जुनी व कष्टाची आहेत. पण येथे तीच अधिक कामास येतात.

सूचीकाराने म्हणून ‘क्रिस्टिना, रीगा’ एवढेच लिहून थांबू नये. प्रत्येक नाण्याचे स्वतंत्र वजन, ठशाचे छायाचित्र आणि ते कोणत्या संचयात व कोणत्या नाण्यांसोबत सापडले याची नोंद त्याने द्यावी. १६६० नंतर पुरलेल्या संचयातील सोलिडस आणि १६५० पूर्वी पुरलेल्या संचयातील सोलिडस दिसावयास सारखे असले, तरी शहराच्या टांकसाळीविषयी साक्ष देण्याचा त्यांचा अधिकार सारखा नाही.