संगीत महाल आणि नाट्यसंहिता

तंजावरच्या शहाजीराजांच्या (कारकीर्द १६८४–१७१२) 'पंचभाषाविलास'कडे केवळ भाषासंपर्काचा दस्तऐवज म्हणून पाहणे अपुरे आहे. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी व हिंदी या पाच भाषा तेथे गायिल्या जातात. आधुनिक ध्वनिमुद्रणगृहात प्रत्येक आवाज अनुरणन आवरलेल्या खोलीत स्वतंत्र टिपता येतो. मेळ नंतर ध्वनिमिश्रणात साधतो. राजवाड्यातील नायककालीन संगीत महालासारख्या दालनात मात्र हा मेळ छत आणि भिंती गायनाच्या क्षणीच घालतात. अनुरणन लांबले की स्वर भरतो, शब्द पुसट होतो. हे ध्यानी घेतल्यास दरुगीतांतील ध्रुवपदाची आवर्तने कवित्वाचा दुबळेपणा न ठरता श्रवणाची व्यवस्था ठरतात. सरस्वती महालातील हस्तलिखिते ही अर्धीच संहिता होय; उरलेली अर्धी वास्तूत वाचावी लागते.