प्लाउटडीच बोलींतील दोन प्राणिनामें

मेनोनाइट ख्रिस्ती लोकांच्या प्लाउटडीच बोलींत करकोच्यास 'ओआदबोआ' म्हणतात. या लोकांपैकीं पुष्कळांचे पूर्वज १६ व्या शतकांत नेदर्लंड्समधून विस्चुला नदीच्या मुखाकडील सखल मुलखांत आले. तेथून १७८९ पासून दक्षिण रशियांत व १८७४ पासून अमेरिका खंडांत त्यांच्या वसाहती झाल्या. पूर्वज डच म्हणून शब्दही डच, असें अनुमान करण्यांत येतें. हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. रशियन सरकारनें १९१५ सालीं जर्मनवंशीयांच्या जमिनी काढून घेण्याचे कायदे केले, तेव्हां मेनोनाइटांस आपलें डचत्व सिद्ध करणें भाग पडलें.

डच शब्द 'ओयेव्हार'. उत्तर जर्मनीच्या सखल बोलींत 'आडेबार'. एकांत 'व्ह', दुसऱ्यांत 'ब'. 'ओआदबोआ' ब-पक्षाचा, सबब जर्मन. इतक्यावर निकाल देण्याचा मोह आम्हांसही पडला होता. परंतु फ्रीजियन भाषेंत 'येरेबारे' व ग्रोनिंगेनकडे 'आइबर' आहे, आणि हे प्रांत नेदर्लंड्सचेच! तेव्हां करकोच्याची साक्ष कोणत्याच पक्षास निर्णायक नाहीं. 'संपत्ति वाहून आणणारा' ही या नांवाची फोड गोड असली तरी मागाहून बसविलेली दिसते. 'दलदलींत फिरणारा' ही अधिक संभवनीय. आमच्या स्थलपुराणांतील ग्रामनामांच्या फोडी ज्यांनीं वाचल्या आहेत त्यांस याचें नवल वाटणार नाहीं.

खरा साक्षीदार नर डुकर. त्याचें प्लाउटडीच नांव 'कुयेल'. लिथुआनियन भाषेंत 'कुइलिस'. प्रशियांतील जर्मन बोलींतही हाच शब्द होता. तो नेदर्लंड्समधून आला असें म्हणतां येणार नाहीं. तो बाल्टिक शेजाऱ्यांचा. मात्र यावरून बोली कोठें घडली एवढेंच ठरतें. ती बोलणाऱ्याचें कूळ कोठलें, हें ठरत नाहीं. १९१५ चा डचत्वाचा दावा त्यानें खोटा पडत नाहीं.

त्या शेजाऱ्यांपैकीं जुन्या प्रशियनांची भाषा १८ व्या शतकाच्या आरंभीं लुप्त झाली. तिच्या ८०२ शब्दांचा कोश ज्या हस्तलिखितांत होता तें मेनोनाइट वस्तीच्या लगत, एल्बिंग येथें, सांपडलें. त्यांत करकोच्याची नोंद 'गांद' या अक्षरांनीं सुरू होते. लिथुआनियन शब्द 'गांद्रास'. म्हणजे बाल्टिक शेजाराकडून डुकराचें नांव घेतलें गेलें, करकोच्याचें घेतलें गेलें नाहीं. दुसऱ्या महायुद्धापासून मूळ हस्तलिखित बेपत्ता आहे. १८९७ सालीं त्याच्या पानांचीं छायाचित्रें छापलीं गेलीं, म्हणून हें ताडून पाहतां येतें. पोथ्या कुलुपांत ठेवणाऱ्या आमच्या संग्राहकमित्रांनीं ह्याचा विचार करावा.