ऐकू येणारे आवाज, दिसणारी माणसं

‘अ ब्यूटिफुल माइंड’ (२००१) आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) त्यामानाने थोड्यांनी. दोन्हींचा विषय एकच, स्किझोफ्रेनिया. पहिल्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळाली. दुसरा आपल्या भाषेतला आहे, एवढ्यावरून मी त्याची बाजू घेणार नाही. पण या आजारात ऐकू येणाऱ्या आवाजांबद्दल मेंदूच्या अभ्यासकांनी जे शोधलं आहे ते लक्षात ठेवून दोन्ही चित्रपट पाहिले, तर ऑस्करवाला उणा पडतो, असं माझं मत झालं आहे.

त्या शोधाचा एक महत्त्वाचा टप्पा आपल्या शेजारचाच. १९७६ साली हॅरोच्या नॉर्थविक पार्क इस्पितळात ईव्ह जॉनस्टन, टिम क्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या जुन्या रुग्णांचे सीटी स्कॅन काढले. मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या या रुग्णांत मोठ्या आढळल्या. हॅरोत आपली मंडळी कमी नाहीत, पण हे तिथं घडलं हे किती जणांना ठाऊक असेल? त्याआधी, १९४८ साली, अमेरिकेतल्या मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइखमन यांनी ‘स्किझोफ्रेनिया घडवणारी आई’ ही कल्पना मांडली होती. मुलगा आजारी, तर दोष आईचा! आपल्याकडे आईच्या जोडीला पत्रिका आणि दृष्ट, एवढाच काय तो फरक.

पुढे आवाजांचा वेगळा अभ्यास सुरू झाला. १९९० साली अमेरिकेत दिसून आलं की ज्यांना आवाजांचा त्रास जास्त, त्यांच्या मेंदूचा डाव्या कानाच्या आतल्या बाजूचा, ध्वनी आणि भाषा यांच्याशी संबंधित असलेला पट्टा लहान असतो. १९९३ साली लंडनमध्ये फिलिप मॅग्वायर यांनी दाखवलं की आवाज ऐकू येत असताना ब्रोकाच्या भागात, म्हणजे जिथून आपण बोलणं जुळवतो तिथं, रक्तप्रवाह वाढलेला असतो. मला यातलं हे सर्वांत विलक्षण वाटतं. माणूस ऐकतो आहे असं त्याला वाटतं, आणि मेंदूचा बोलणारा भाग कामाला लागलेला असतो.

मग २०१५ साली केंब्रिजच्या जेन गॅरिसन आणि जॉन सायमन्स यांच्या गटाने पॅरासिंग्युलेट सल्कस नावाची खाच मोजली. ही कपाळामागे, मेंदूच्या दोन अर्धांच्या आतल्या अंगाला असते आणि जन्माआधी अगदी शेवटी शेवटी पडणाऱ्या घड्यांपैकी एक आहे. ‘हे मी मनात म्हणालो, की कोणी मला म्हणालं?’ या निवाड्याशी तिचा संबंध असावा. अभ्यासात १५३ जण होते. खाच एक सेंटिमीटरने आखूड, तर भास होण्याची शक्यता सुमारे २० टक्क्यांनी जास्त, असा निष्कर्ष निघाला.

‘मेंदूतच खोट आहे, आता काय करायचं?’ असा अर्थ घरोघरी लावला जाईल, म्हणून सांगतो. ही गटांची तुलना आहे. ही खाच जवळजवळ नसलेली निरोगी माणसंही असतात. स्कॅन पाहून अमक्याला आवाज ऐकू येतील असं कोणी डॉक्टर सांगू शकत नाही. आणि आवाज काय बोलतो, ते तर खाचेत लिहिलेलं नसतंच. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुर्मन यांनी कॅलिफोर्निया, घाना आणि चेन्नई इथल्या रुग्णांशी बोलून हे पाहिलं. अमेरिकनांचे आवाज बहुधा हिंसक, धमकावणारे. चेन्नईत बऱ्याच जणांना नातेवाइकांचे आवाज ऐकू येत; ते घरची कामं सांगत, रागावतही. आजार एक, आवाज आपापल्या घरातले.

आता चित्रपट. जॉन नॅश यांना प्रत्यक्षात आवाज ऐकू येत. रॉन हॉवर्ड यांनी त्या आवाजांची माणसं केली: खोलीतला मित्र, त्याची छोटी भाची, सरकारी हस्तक. कॅमेऱ्याला ध्वनी दाखवता येत नाही, ही अडचण मान्य. केंब्रिजची खाच दिसणाऱ्या भासांनाही लागू पडते, तेव्हा शास्त्राच्या दृष्टीने हा मोठा गुन्हाही नव्हे. खटकतं ते पुढचं. ती छोटी मुलगी वर्षानुवर्षं वाढतच नाही हे नॅशच्या ध्यानात येतं आणि तो तर्काने भासाला पकडतो. प्रसंग टाळी घेणारा आहे. पण आवाजाला असं वय नसतं. तो आपल्याच बोलण्याच्या यंत्रणेतून उमटत असेल, तर ताडून पाहायचं कशाशी? प्रेक्षक मात्र ‘हुशार माणूस असला की यातून सुटतो’ हे मनात घेऊन घरी जातो. आणि मग आपल्या घरातल्या आजारी मुलाला हुशारीवरून बोल लावतो.

‘देवराई’त शेषला कोणी हुशारीने बरं करत नाही. त्याची बहीण सीना त्याला आपल्या घरी आणते आणि चित्रपट शेषइतकाच तिच्या ओढाताणीचा होतो: नवरा, संसार, भाऊ. काही संवाद माहितीपत्रकासारखे झाले आहेत, ते कापता आले असते. शेषच्या डोक्यातला कोलाहल आपल्या कानांवर आणखी आदळायला हवा होता, असंही वाटलं. पण अशा घरात दिवस कसा जातो हे या चित्रपटाला ठाऊक आहे. त्याचं एक कारण असं की त्यामागे पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन होती. तिचे संस्थापक डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीला राहणारे, आपल्यासारखेच परदेशस्थ. त्यांच्या पत्नीला हा आजार होता आणि त्यांनी तो कधी लपवला नाही. पेशाने ते संख्याशास्त्राचे प्राध्यापक; २० टक्के म्हणजे नेमकं किती, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.